मुलगा म्हणतो सेमिनरीत (फादर व्हायचं शिक्षण देतात तिथे) जायचंय. सुट्टीतलं खूळ की देवाचं पाचारण?

चेरईचा_बाबा | २८ एप्रिल, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे ठाण्याच्या ट्रॅफिकवर कुरकुर करणाऱ्या धाग्यांवर असतो. आज जरा घरचं आहे.

आम्ही ठाण्याचे ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मराठी बोलणारे कॅथलिक. एकुलता एक मुलगा, वय १८. बारावी दिली, निकाल यायचाय. महिनाभर चर्चच्या समर कॅम्पमध्ये लहान पोरांना सांभाळतोय. सकाळी सात वाजता सायकल काढतो ती रात्री घरी. वेदीसेवक म्हणून आठव्या वर्षापासून मिस्सात (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) असतो, त्यामुळे चर्च त्याला नवं नाही. पण परवाच्या रविवारी उपदेशात पाचारणाचा विषय होता (उत्तम मेंढपाळाचा रविवार, त्या दिवशी जगभर पाचारणासाठी प्रार्थना होते), आणि दुपारी हा गच्चीवर आला. आई मसाल्याच्या मिरच्यांची देठं काढत बसली होती. म्हणाला, "मना फादर व्हायचंय. जूनमध्ये सेमिनरीत जातो."

बायको खोकत होती की रडत होती ते मला अजून कळलेलं नाही. मिरच्या तशाच पडल्या आहेत.

माझा विरोध आहे असं नाही, पण आनंदही होत नाहीये. आमच्या आळीत बातमी फुटली आणि आता मंडळी म्हणतायत की मे महिन्याच्या लिटनीच्या (रोज संध्याकाळच्या सामूहिक प्रार्थनेच्या) शेवटच्या दिवशी क्रुसापाशी त्याचा सत्कार करू, बॅनर लावू. मुलगा लाजतो, पण नाही म्हणत नाही.

प्रश्न असा: हे खरं की सुट्टीचं? आणि बापाने नेमकं काय करायचं असतं?

सुकट_बोंबील | २८ एप्रिल, रात्री ११:५२

आधी मिरच्या आत घ्या. दव पडलं तर मसाला वर्षभर टिकणार नाही.

खडूस_काका | २९ एप्रिल, सकाळी ७:१५

कॅम्प चालवायला एखादे तरुण ब्रदर आले आहेत का? गिटार वाजवतात का? फुटबॉल खेळतात का? मग झालं. आमच्या वेळेलाही असेच एक ब्रदर आले होते. त्या मे महिन्यात आम्ही पाच जण फादर होणार होतो. मेमधलं पाचारण पहिल्या पावसात विरघळतं. आमच्यातला एक आज दारूच्या दुकानाचा मालक आहे, दोघं आखातात, एक मी.

तळ्याकाठी | २९ एप्रिल, सकाळी ८:०२

काका, चारच झाले. पाचवा?

खडूस_काका | २९ एप्रिल, सकाळी ८:१०

पाचवा फादर झाला. म्हणून तर त्याचं नाव घेत नाही.

मीनाक्षी_ऐरोली | २९ एप्रिल, सकाळी १०:३०

मी हिंदू, त्यामुळे अडाणी प्रश्न विचारते, हसू नका. ब्रदर म्हणजे फादरच्या खालची पायरी का? आणि किती वर्षं लागतात? डॉक्टर व्हायला लागतात तितकी?

जांभळीनाका | २९ एप्रिल, दुपारी १:२०

मीनाक्षीताई, प्रश्न अडाणी अजिबात नाही, आमच्यातल्याही अनेकांना उत्तर येत नाही.

'ब्रदर' दोन अर्थांनी म्हणतात. सेमिनरीत शिकणाऱ्या मुलाला लोक ब्रदर म्हणतात, तो पुढे फादर होऊ शकतो. पण काही संस्थांमधले ब्रदर आयुष्यभर ब्रदरच राहतात. व्रत घेतात, शाळा चालवतात, रुग्णसेवा करतात, मिस्सा अर्पण करत नाहीत. ती खालची पायरी नव्हे, वेगळीच वाट.

वर्षांचं म्हणाल तर डॉक्टरपेक्षा जास्तच. सुरुवातीला पूर्वतयारीचा काळ, मग साधारण दोन-तीन वर्षं तत्त्वज्ञान, चार वर्षं ईशज्ञान, आणि मध्ये बहुतेक ठिकाणी एखादं वर्ष प्रत्यक्ष कामावर. येशूसंघीयांचं (जेझुइटांचं) याहून लांबतं. मुंबई महाधर्मप्रांताची मोठी सेमिनरी गोरेगावला आहे. चर्चच्या कायद्याप्रमाणे २५ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय गुरुदीक्षा नाही. त्याआधी डीकन, म्हणजे उपधर्मगुरू, होतात आणि ब्रह्मचर्याचं वचन तेव्हाच द्यावं लागतं. डीकन झाल्यावरही निदान सहा महिने थांबायचं.

म्हणजे चेरईबाबा, तुमचा मुलगा जूनमध्ये फादर होत नाहीये. जूनमध्ये तो फार तर वसतिगृहात राहायला जाईल.

कोपरीकर | २९ एप्रिल, दुपारी ३:४५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. एकुलता एक मुलगा. म्हातारपणी तुम्हाला बघणार कोण? घराण्याचं नाव पुढे नेणार कोण? देवाला इतर घरांतली दोन-तीन मुलं दिसत नाहीत का? बापाने सरळ नाही म्हणायचं.

नेरुळची_लिसी | २९ एप्रिल, सायंकाळी ६:३०

कोपरीकर, माझे तिन्ही भाऊ संसारी आहेत. एक मेलबर्न, एक दुबई, एक बंगळूर. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला कोण होतं? मी आणि वॉचमनची बायको.

मी मूळची केरळची, पण जन्म इथलाच, शाळा मराठी माध्यमाची. आम्ही सिरो-मलबार (केरळच्या वेगळ्या उपासनापद्धतीचे कॅथलिक), आमची कल्याणची धर्मप्रांतव्यवस्था १९८८ पासून वेगळी, त्यामुळे लॅटिन पद्धतीच्या पॅरिशमधल्या (पॅरिश म्हणजे एका चर्चखालचा भाग, धर्मग्राम) बारीकसारीक गोष्टी मी सांगू शकत नाही. पण एक तुमच्या बाजूने सांगते. महाधर्मप्रांताचा फादर झाला तर त्याच्या बदल्या बहुधा मुंबई, ठाणे, रायगड एवढ्यातच होतात. म्हणजे फार लांब गेला तर पेण-अलिबागकडे. आयटीतल्या पोरापेक्षा जवळ! संस्थेत गेला, म्हणजे येशूसंघ, सालेशियन वगैरे, तर मात्र झारखंडलाही पाठवतील आणि आफ्रिकेतही. तो कुठे जायचं म्हणतोय ते आधी विचारा.

चेरईचा_बाबा | २९ एप्रिल, रात्री १०:०५

विचारलं. म्हणाला, "त्यात फरक असतो?" 🙂

मिरच्या आत घेतल्या. सुकटसाहेब, आभार.

वाचनमात्र | २९ एप्रिल, रात्री १०:२०

फरक माहीत नाही म्हणजे कच्चं आहे असं मी म्हणणार होतो. मग आठवलं, मी इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा मला इन्स्ट्रुमेंटेशन म्हणजे हार्मोनियम वगैरे असेल असं वाटलं होतं.

परत_आलेला | ३० एप्रिल, रात्री १२:५०

बरीच वर्षं इथे वाचतोय, लिहीत नाही. या धाग्यासाठी लिहितो.

मी सेमिनरीत होतो. कुठली, कुठली संस्था, ते विचारू नका. अकरा वर्षांपूर्वी, चौथ्या वर्षी बाहेर पडलो. आज बँकेत आहे, लग्न झालंय, दोन मुली.

माझंही मेमध्येच ठरलं. आमच्या गावठाणात त्या महिन्यात रोज संध्याकाळी एकेका क्रुसापाशी जपमाळ आणि लिटनी. उकडलेले चणे वाटायचं काम माझ्याकडे. दिवसभर उकाडा, आणि संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला की सगळी आळी एका सुरात. त्यात मला काहीतरी झालं. काय ते आजही नीट सांगता येत नाही, पण खोटं नव्हतं. खडूसकाका, विरघळणारंही नव्हतं. चार वर्षं टिकलं.

आतली वर्षं चांगली गेली. पहाटे उठणं, मौन, वाचन, बागेत खुरपणं, स्वैपाकघरातली पाळी. मी तिथे ऐकायला शिकलो. मग एक वर्ष पॅरिशमध्ये कामाला पाठवलं आणि तिथे मला कळलं की मला माणसांची सेवा करायला आवडतं, पण रात्री खोलीत परत आल्यावरचा एकटेपणा मला झेपत नाही. माझ्या मार्गदर्शक फादरांना सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, हे कळावं म्हणूनच ही वर्षं असतात.

खरा त्रास घरी आल्यावर झाला. कारण जाताना माझा सत्कार झाला होता. बॅनर लागला होता, त्यावर माझा फोटो आणि 'आमच्या गावाचा अभिमान'. बँड आणला होता. आईला सगळ्या बायका आतापासून 'फादरची आई' म्हणायला लागल्या होत्या. परत आलो तेव्हा कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण मिस्सानंतर माणसं माझ्याशी बोलताना घड्याळ बघायची. 'पळून आला' हे शब्द मी एका लग्नात पाठीमागून ऐकले. आई दोन वर्षं पहिल्या बाकावर बसली नाही.

चेरईबाबा, तुम्ही विचारलंत बापाने काय करायचं. त्याला जायचं असेल तर जाऊ द्या. पण बॅनर लावू देऊ नका. सत्कार नको, बँड नको, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नको. बॅग उचलून तो रिक्षात बसेल, तुम्ही त्याला सोडून या, बस. त्याची खोली रिकामी करून भाड्याने देऊ नका. परत यावंसं वाटलं तर पोराला येता आलं पाहिजे, आणि तेही मान वर करून.

तळ्याकाठी | ३० एप्रिल, सकाळी ९:००

परत_आलेला, हे लिहिल्याबद्दल काय म्हणू. नुसती मान झुकवतो.

सुकट_बोंबील | ३० एप्रिल, सकाळी ९:४०

मी गंमत करायला आलो होतो. आज नाही.

खडूस_काका | ३० एप्रिल, सकाळी १०:२५

माझं वाक्य मागे घेतो. दारूच्या दुकानावरचं नाही, ते खरं आहे. विरघळण्यावरचं.

ग्रेस_माजिवडा | ३० एप्रिल, दुपारी २:१५

सगळं वाचलं. आता माझी तक्रार ऐका. माझी बहीण १९ व्या वर्षी कॉन्व्हेंटला गेली. आज कुष्ठरुग्णांसाठी काम करते. तेव्हा कुणी बॅनर लावला नाही, सत्कार नाही, आणि कुणी अशी काळजीही केली नाही. उलट एक काकी म्हणाल्या, "बरं झालं, लग्नाचा खर्च वाचला." मुलगा चालला की सगळ्या आळीला पाचारण दिसतं, मुलगी चालली की हिशेब. धाग्यावर तीस प्रतिसाद होतील, त्यात धर्मभगिनींबद्दल हा एकच असेल, पैज लावते.

मीनाक्षी_ऐरोली | ३० एप्रिल, दुपारी २:४०

ग्रेस, पैज हरलात, हा दुसरा. मला ऐरोलीच्या शाळेत शिकवणाऱ्या सिस्टरमुळे गणित आलं. त्यांना घरी कोण होतं, सुट्टीत त्या कुठे जायच्या, आम्ही कधी विचारलंच नाही. आज पहिल्यांदा मनात आलं.

इतिहासवेडा_ठाणे | ३० एप्रिल, रात्री ९:३०

थोडं विषयांतर, पण ठाण्याचा धागा आहे तर राहवत नाही.

ठाण्यात पाचारणाची गोष्ट ७०० वर्षं जुनी आहे. एप्रिल १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन इथे मारले गेले: टोलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्रियस. पोर्तुगीज यायच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी! त्यांच्याबरोबर आलेल्या जॉर्डनस नावाच्या धर्मगुरूने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. पुढे ओडोरिक नावाचा फ्रान्सिस्कन आला आणि त्यांच्या अस्थी थेट चीनला घेऊन गेला. एप्रिलचं ठाणं, उन्हाळा, आणि इटलीहून निघालेली माणसं. त्यांना घामाचं काय वाटलं असेल याचा मी नेहमी विचार करतो.

आणि यातला दिमित्रियस धर्मगुरू नव्हता. आपल्या शेजारच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया, तेही नव्हते. जपानात व्यापार करत होते, मग मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाले, ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर गेले, १८६२ मध्ये संत म्हणून घोषित झाले. भारतात जन्मलेले पहिले संत, आणि आयुष्यभर ब्रदर! जांभळीनाका म्हणाले ती 'वेगळीच वाट' हीच.

कोपरीकर | ३० एप्रिल, रात्री ९:५०

म्हणजे पोराला सांगायचं की मेलास तरी चालेल?

इतिहासवेडा_ठाणे | ३० एप्रिल, रात्री ९:५८

म्हणजे पोराला सांगायचं की फादर हा एकच पर्याय नाही. तुम्ही वाचता कसं हो?

वाचनमात्र | १ मे, सकाळी ८:३०

महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा. या निमित्ताने आठवण: उस्मानाबादच्या ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, २०२० साली. धर्मगुरू झाला म्हणजे मुलगा मराठीला, आपल्याला परका होतो असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी. फादर स्टीफन्सांचं ख्रिस्तपुराण तर १६१६ चं, तेही मराठीत, आणि ते स्वतः इंग्रज होते!

सुकट_बोंबील | १ मे, सकाळी ८:५०

मुलाला बारावीत मराठीत किती पडतील यावर ठरवा मग.

चेरईचा_बाबा | १ मे, रात्री ११:१५

आज पहिली लिटनी होती. परत_आलेला, तुमचा प्रतिसाद मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. तिने पुन्हा वाचायला लावला. मग उठून आळीतल्या मुख्य काकांना फोन केला आणि सांगितलं, "बॅनर छापायला दिला असेल तर पैसे आम्ही देतो, पण लावायचा नाही." काका नाराज आहेत. म्हणाले, गावठाणातून गेल्या वीस वर्षांत कुणी गेलं नाही, आम्हाला आनंद करू देत नाही. त्यांचंही चूक नाही.

मुलाला पुढच्या आठवड्यात तीन दिवसांच्या शिबिराला बोलावलंय. 'या आणि पाहा' असं नाव आहे, योहानाच्या शुभवर्तमानातलंच. तिथे राहायचं, बघायचं, बोलायचं.

फादरची_बहीण | २ मे, दुपारी १२:१०

इतके दिवस थांबले, आता लिहिते. माझा धाकटा भाऊ धर्मगुरू आहे. दीक्षा भर एप्रिलमध्ये झाली. विधीत एक क्षण असतो, दीक्षार्थी वेदीसमोर फरशीवर पालथा पडतो आणि सगळे संतांची लिटनी गातात. तो उठला तेव्हा फरशीवर घामाचा माणसाएवढा ओला आकार राहिला होता. सगळे वर बघत होते, आई खाली त्या आकाराकडे बघत होती.

मग बिशप हातांना पवित्र तेल लावतात. ते हात ज्या कापडाने पुसतात, ते कापड आईला द्यायची जुनी प्रथा आहे. आमच्या आईने ते साडीच्या घडीत नऊ वर्षं ठेवलं. ती गेली तेव्हा तिच्या हातात देऊन पुरलं. घरातलं सोनं कुठे आहे ते तिने कधी सांगितलं नाही, पण हे कापड कपाटाच्या कुठल्या कप्प्यात आहे ते तीन जणांना सांगून ठेवलं होतं.

कोपरीकर, तुमचा प्रश्न रास्त आहे. भाऊ सणाला कधीच घरी नसतो. नाताळला, ईस्टरला आम्ही त्याच्याशिवाय जेवतो, कारण तेव्हाच त्याला जास्त काम. वडील आजारी होते तेव्हा तो दुसऱ्यांच्या आजारी वडिलांना तैलाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावायचा विधी) द्यायला जात होता. मला त्याचा राग यायचा. अजूनही कधीकधी येतो. मोठं मन वगैरे माझं नाही.

कोपरीकर | २ मे, दुपारी १२:४५

ताई, उत्तर नाही माझ्याकडे. नमस्कार.

जांभळीनाका | २ मे, सायंकाळी ५:३०

चेरईबाबा, अभ्यासात कच्चा असेल तर घाबरू नका. धर्मग्रामाच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन व्हियान्नी लॅटिनमध्ये अडखळायचे, दीक्षा मिळेल की नाही अशी पाळी आली होती.

सुकट_बोंबील | २ मे, सायंकाळी ५:३४

सर्वात महत्त्वाचा प्रश्न कुणी विचारलाच नाही. सेमिनरीत बाटली मसाला नेऊ देतात का?

परत_आलेला | २ मे, रात्री ८:००

देतात. माझी बाटली पहिल्या आठवड्यात संपली. नागपूर आणि मंगळूरची पोरं भातावर घालून खायची.

चेरईचा_बाबा | १६ मे, रात्री १०:५०

धागा वर काढतोय, माफ करा. निकाल लागला, ६८ टक्के. मराठीत ७४. शिबिर झालं.

पोरगा डास चावून, काळवंडून आला. पहिल्या दिवशी काही बोललाच नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं की तिथल्या फादरांनी त्याला विचारलं, "सहा महिन्यांनी घरी परत जावंसं वाटलं तर लाज वाटेल का?" हा म्हणाला, आधी वाटली असती, पण आईने बॅनर लावू दिला नाही, आता नाही वाटणार. फादर हसले म्हणे.

पण त्यांनी त्याला या जूनसाठी घेतलेलं नाही. आधी कॉलेज कर, महिन्यातून एकदा इकडे येत जा, पॅरिशमध्ये काम चालू ठेव, मग बघू. तो हिरमुसला आहे. मला, खरं सांगतो, हायसं वाटलं आणि त्याची लाजही वाटली.

गंमत बायकोची. अठरा दिवस रडली. आता फणकारली आहे. सकाळपासून म्हणतेय, "माझ्या पोरात काय कमी बघितलं त्यांनी? आठव्या वर्षापासून वेदीवर उभा आहे तो!" रविवारी जाऊन विचारणार आहे. मी आणि मुलगा, दोघेही तिला थांबवतोय.

मसाला कुटून झाला. नऊ बाटल्या भरल्या. दहावी तिने वेगळी काढून ठेवली आहे, कुणाची ते सांगत नाही.

खडूस_काका | १६ मे, रात्री ११:०२

वहिनींना रविवारी जाऊ द्या. आमचा पाचवा त्याच पॅरिशला आहे, त्याला फोन करून सावध करतो.